माझ्या नावावरचा तुझा फोटो

बाई, लोकांपुढं मी तुला कायम ‘तुम्ही’ म्हणत आले. मोठी जाऊ, मान ठेवावा लागतो. मळ्यात सांबाराच्या, कोथिंबिरीच्या जुड्या बांधताना दोघीच असलो की मात्र ‘तू’. आत्ता घरात कोणी नाही. माणसं वावरात, बाजाराला गेली आहेत, तुझी नात परी माझ्या मांडीशी झोपली आहे. म्हणून तूच म्हणते.

तुझी तेरवी होऊन नऊ दिवस झाले. त्या दिवशी लोक तुझ्याबद्दल काय काय बोलले ते लिहीत नाही. ‘मेल्यावर सारेच गोड बोलतात वं, जित्या माणसाले कोणी चहा विचारत नाही,’ असं तूच म्हणायचीस. मला ती एकच गोष्ट लिहायची आहे, जी फक्त आपल्या दोघींना माहीत होती. सोमवारपर्यंत.

मला भीती वाटते, बाई. तू गेलीस त्याचं रडू वेगळं. ते येतं आणि जातं. ही भीती सकाळी चूल पेटवायच्या आधीपासून बसलेली असते.

तुरी फुलावर होत्या तेव्हा शाळेत ते शिबिर आलं. आशाताईनं घरोघर चिठ्ठ्या दिल्या होत्या. छातीचा फोटो काढतात, आणि टीबीचा डाग आहे की नाही ते संगणकच सांगतो, डॉक्टरची वाट पाहावी लागत नाही, असं ती म्हणाली. तू तिथंच रांगेत विचारलंस, ‘म्हंजे बिनडाक्टरचा दवाखाना?’

‘डॉक्टर नंतर, काकू. आधी एआय पाहते.’

‘एआय कोण? कोणत्या गावची?’

सगळ्या बाया हसल्या. मी हसले नाही. आत एक साहेब, तिपाईवर कॅमेऱ्याएवढं मशीन, टेबलावर लॅपटॉप. गळ्यातलं काढायचं, छाती पाटीला लावायची, आणि त्या परक्या माणसाच्या टेबलावर माझं आतलं सगळं दिसणार. लग्नापासून माझं मंगळसूत्र गळ्यातून निघालं नव्हतं.

तू आधी गेलीस. तुझं मंगळसूत्र माझ्या मुठीत दिलंस आणि वेणी खांद्यावरून पुढं घेऊन ऐटीत आत गेलीस. तेल लावलेली ती तुझी वेणी. बाहेर येऊन म्हणालीस, ‘काहीच नाही वं. श्वास घ्या, धरा, सोडा. बस.’

मग माझा नंबर पुकारला. मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

‘चौथी शिकली तू, मले औषधाच्या बाटल्या वाचून दाखवते, अन् फोटूले भेते?’

‘बाई, माह्याच्यानं होत नाही.’

तू इकडंतिकडं पाहिलंस. आशाताई एका म्हातारीला धरून आणायला गेली होती. तू माझ्या हातातली चिठ्ठी घेतलीस, वेणीचा अंबाडा घातलास, मी घेते तसा पदर कपाळापर्यंत ओढलास. ‘घरी सांगू नको,’ म्हणालीस आणि पुन्हा आत गेलीस. खिडकीतून मला ऐकू आलं. ‘नाव?’ साहेबांनी वर पाहिलंसुद्धा नसेल. तू म्हणालीस, ‘गोकर्णा.’ माझ्यासारखंच, हळू आवाजात. घरी येईपर्यंत रस्त्याभर आपण हसत होतो. तुझ्या मंगळसूत्राचे वळ माझ्या तळहातावर उठले होते.

तू माझी बोलणारी होतीस, बाई. या घरात आले तेव्हापासून. दुकानात माझं सामान तू मागायचीस, दादांना, म्हणजे तुझ्या मालकांना, काही सांगायचं असलं तर तू सांगायचीस. मूलबाळ होईना म्हणून आत्याबाई, आपल्या सासूबाई, मला टाकून बोलल्या तेव्हा भाकरी थापता थापता तूच त्यांना उत्तर दिलंस, आणि परत थापायला लागलीस. मी त्याच्या बदल्यात काय केलं? तुला चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. त्या दिवशी मशीनपुढं उभं राहणं हेही मी तुझ्यावर टाकलं आणि मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

चौथ्या दिवशी आशाताई आली. म्हणाली, ‘द्वारकाकाकू, तुमचा फोटो चांगला आहे. गोकर्णाकाकू, तुमच्या फोटोत शंका दाखवते. घाबरू नका, सकाळची थुंकी या डबीत द्या.’

ती गेल्यावर आपण एकमेकींकडं पाहिलं. तू आधी हसलीस. मग हसायची थांबलीस.

मळ्यात गेल्यावर मी म्हणाले, ‘बाई, थो फोटू तुहा आहे.’

‘दोन्ही माहेच आहेत. एकाच छातीचे दोन निकाल. थे मशीन येडं आहे.’

‘मंग डबीत तू थुंक.’

तू जुडी खाली ठेवलीस. ‘अन् निघालं काही तं? नाव तुहं लागन. औषधाच्या गोया तुले देतीन, मले नाही. लोकं तुले आधीच काय कमी बोलतात? त्यात तुह्या नावावर मी रोग काऊन लावू?’

‘मंग आशाताईले खरं सांगू.’

‘सांग. थे म्हणन, दोघी खोटारड्या. अन् तुह्या भासऱ्यानं ऐकलं तं घर डोक्यावर घेतीन. माह्या नावाचा कागद चांगला आहे ना? मंग थोच माहा. चाल, बांध जुड्या. वरवटच्या बाजाराले उशीर होऊन राह्यला.’

मी माझी थुंकी दिली. ती चांगली निघाली. निघणारच होती. आशाताई म्हणाली, मशीनची चूक झाली असेल, होते कधी कधी. तू माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवलास. मी तो खाल्ला.

नंतर तुझा खोकला सुरू झाला. म्हणजे आधीपासून होताच, आपण ऐकत नव्हतो. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, पोलकी ढिली झाली. कंपाउंडरच्या तीन बाटल्या झाल्या, तिन्ही मीच तुला वाचून दाखवल्या. दरवेळी मी म्हणाले, पुन्हा फोटो काढ. तिसऱ्या वेळी तू चिडलीस. ‘तुले मले बिमारच पाहाचं आहे काय वं?’ दोन दिवस तू वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून जुड्या बांधल्यास. तिसऱ्या दिवशी जवळ येऊन बसलीस, पण ती गोष्ट आपण पुन्हा काढली नाही. तो वाद तसाच राहिला आहे. त्यावरून मी अजून रोज तुझ्याशी भांडते.

तुला न सांगता मी एकदा आशाताईच्या दारापर्यंत गेले होते. चार घरांवर तर राहते ती. तिनं विचारलं, ‘काय काकू?’ आणि माझ्या तोंडून निघालं, ‘पोलिओचा डोस कधी आहे?’ मी, जिच्या पोटी लेकरू नाही. ती तारीख सांगत राहिली. मी मान हलवून परत आले.

मिरचीच्या वाफ्यात तुझ्या खोकल्यातून रक्त पडलं, आणि मग सगळं घाईघाईत झालं. तालुक्याला नेलं, तिथून बुलडाण्याला. टीबी. साखरही वाढलेली. डॉक्टरांनी विचारलं, ‘याआधी छातीचा फोटो काढला होता का?’ दादा म्हणाले, ‘काढला होता साहेब. चांगला होता.’ डॉक्टरांनी संगणकात तुझं नाव पाहिलं. चांगलाच होता. मी ताटली धरून खाटेच्या पायथ्याशी उभी होते. तू माझ्याकडं पाहिलंस.

बाई, ते पाहणं काय होतं? सांग म्हणत होतीस की सांगू नको? मी तुझी वाचणारी. आयुष्यभर तुझ्यासाठी कागद वाचले आणि तेवढं एक मला वाचता आलं नाही. मी गप्प राहिले. गोळ्या सुरू होऊन अकराव्या दिवशी तू गेलीस.

मशीनला काहीच कळलं नसतं तर मी आज अशी भ्याली नसते. शेजारच्या गावात एका शिंप्याचा डाग त्याच मशीननं वेळेवर धरला. तो गोळ्या खाऊन बरा झाला, परत कपडे शिवतो आहे. तुझाही धरला होता. त्यानं खरं सांगितलं, पण ज्या नावाला सांगितलं ते नाव माझं होतं. नावामागं कोण उभं आहे हे त्याला कुठून कळणार? ते आपण दोघींनी लपवलं होतं.

तेरवीनंतर दोन दिवसांनी आशाताई आली. म्हणाली, मंगळवारी शिबिराची गाडी पुन्हा शाळेत येते आहे, घरातल्या सगळ्यांनी यायचं, परीला तर आधी. दादा ओट्यावरूनच बोलले.

‘कोणी येत नाही. माह्या बायकोले तुमच्या मशीननं चांगलं म्हणून लिवलं, थे मेली. धडधाकट बाईले बिमार लिवलं. खोटारडं मशीन आहे थे.’

‘काका, लेकराचं मशीन पाहतच नाही. एवढ्या लहान लेकरांचं त्याला शिकवलेलं नाही. परीला डॉक्टरच तपासतील.’

‘डाक्टर बी त्याच मशीनचे.’

गावातही तेच बोलणं चाललं होतं, बाई. पाणी भरताना, चक्कीवर. द्वारकाबाईले चांगलं म्हटलं अन् पाहा काय झालं, आता कोणी जाऊ नका. आणि ते ऐकत मी माझा हंडा भरत होते.

इकडं परी खोकत होती. तिचे आईबाप तुझी तेरवी करून पुण्याकडं कामावर परत गेले. खोली एकच, दोघं कंपनीत, उन्हाळा गेला की नेतो म्हणाले. ती आता माझ्याजवळ झोपते. तुझ्या कुशीतून उठून माझ्या कुशीत आली आहे. वाटीतला वरणभात अर्धा ठेवते. सोमवारी संध्याकाळी मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ कोमट होती. तुझी असायची तेवढीच. मग मला बसवेना.

तुला माहीत आहे, तेवीस वर्षांत मी दादांशी समोरासमोर एक शब्द बोललेले नाही. थोरल्या दिराशी, भासऱ्याशी बोलायचं नसतं. तू नसलीस तर परीला मध्ये घालायचं. दादा ओट्यावर लसणाच्या जुड्या वळत बसले होते. मी दाराच्या आड उभी राहिले.

‘परी, आजोबाले म्हण, तुले उद्या गाडीपाशी न्या लागते.’

‘आजोबा, गाडीत जायचं.’

‘तिले सांग, थे मशीन खोटं आहे.’

‘आजी, मशीन खोटं आहे.’

‘आजोबाले म्हण, खोटं नाही.’

परीला खेळ वाटत होता. ती दोन्हीकडं पळत होती, मध्येच थांबून खोकत होती.

‘तिले इचार, तिले कसं मालूम.’

ती माझ्याकडं आली आणि तोंड वर करून उभी राहिली. यापुढचं त्या लेकराच्या तोंडात देता येत नव्हतं. मी पदर सारखा केला आणि बाहेर आले.

‘दादा, माह्या नावाचा फोटू बाईचा होता. मी भेली म्हणून बाई माह्या जागी उभ्या राह्यल्या. मशीननं त्यायचा डाग पाह्यला होता. पण नाव माहं होतं.’

त्यांचे हात थांबले. माझ्याकडं पाहिलं नाही, लसणाकडंच पाहत विचारलं, ‘द्वारकीले मालूम होतं?’

‘हो.’

‘अन् तुले?’

‘हो.’

‘दवाखान्यात बी?’

‘हो.’

ते उठले आणि चपला न घालता विहिरीकडं निघून गेले. मी तिथंच खाली बसले. मला वाटलं, ते परत येतील आणि म्हणतील, तू मारलंस तिला. ते परत आले आणि न जेवताच ओट्यावर आडवे झाले. घरात सगळ्यांना कळलं. आमच्या ह्यांनी एवढंच विचारलं, ‘हे काय केलं वं तू?’

मंगळवारी सकाळी दादा ओट्यावर उभे होते. शेजारी परी, केस ओले करून विंचरलेले, फ्रॉकची बटणं वरखाली लागलेली. ती बटणं त्यांनीच लावली असणार. माझ्याकडं पाठ करून म्हणाले, ‘परी, तिले म्हण, चाल.’

शाळेपाशी गर्दी नव्हती, दहाबारा माणसं असतील. मी आशाताईला सगळं सांगितलं. तिथं उभ्या असलेल्या बायांनीही ऐकलं. मी हळू बोलले तरी ऐकलं. आशाताई रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘काकू, मी चार घरांवर राहते.’ आणि डोळे पुसून वहीतून नवी चिठ्ठी फाडायला लागली.

साहेब तेच होते. त्यांनी लॅपटॉपवर जुने दोन फोटो शेजारी शेजारी काढले. एकावर तुझं नाव, एकावर माझं. दोन्हीत तूच, बाई. तशी तुला पाहणं माझ्याच्यानं होईना, तरी पाहिलं. ते म्हणाले, पहिल्यात खांद्याखाली लांब सावली आहे, ती वेणीची असावी. दुसऱ्यात ती नाही, आणि बरोबर तिथंच डाग आहे.

‘मंग मशीन वेणीनं फसलं?’ मी विचारलं. मीच विचारलं, दुसरं कोणी नव्हतं विचारायला.

‘असेल. खात्रीनं नाही सांगता येत, ताई. ते आकडा देते, कारण देत नाही. वेणी मागं घ्या म्हणणं माझं काम होतं. रांग मोठी होती.’

म्हणजे तू जेव्हा तू होऊन गेलीस तेव्हा वेणी आड आली. मी होऊन गेलीस तेव्हा खरा फोटो निघाला. हे मी घरी येईपर्यंत मनात फिरवत होते. अजूनही फिरवते आहे. तुला कोणाला दोष द्यायचा असेल तर सांग, मला कुठं ठेवावा कळत नाही. साहेबांवर ठेवते, मग माझ्यावर येतो. तुझ्यावर ठेवायला गेले तर तो गुळाचा खडा आठवतो.

मग मी मंगळसूत्र काढून आशाताईच्या हातात दिलं. गळा उघडा पडल्यासारखा झाला. साहेब या वेळी माझ्या तोंडाकडं पाहत होते. ‘नाव?’ मी हळूच पुटपुटले. त्यांनी पुन्हा विचारलं. ‘गोकर्णा,’ मी म्हणाले. रांगेतल्या शेवटच्या बाईनं वळून पाहिलं, म्हणजे मोठ्यानं म्हणाले असेन. पाटी गार होती. श्वास घ्या. धरा. तो श्वास धरला तेव्हा मला तुझ्याशिवाय काही सुचलं नाही. तू हाच श्वास दोनदा धरलास, एकदा माझ्यासाठी.

माझ्या फोटोत डाव्या बाजूला पिवळा ठिपका आला. साहेब म्हणाले, शंका आहे, थुंकी लागेल, आणि या वेळी डॉक्टरही फोटो पाहतील. मी विचारलं, मशीन चुकलं असेल का? ते म्हणाले, असेल. मला ‘असेल’ ऐकून बरंही वाटलं आणि जास्त भीतीही वाटली.

परीला त्याच दिवशी दादा तालुक्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावून ऐकलं, वजन केलं, हातावर सुई टोचली, ती जागा दोन दिवसांनी पाहणार, फोटो घेतला. म्हणाले, लक्षणं आहेत, पण लवकर आणली हे बरं केलं, तपासणी पूर्ण झाली की गोळ्यांचं सांगू. दादांनी हे घरी येऊन परीलाच सांगितलं, मोठ्यानं, मी चुलीपाशी होते तेव्हा. ‘परी, डाक्टर म्हणे, लवकर आणली.’ तेवढ्यावर मी कालची सबंध रात्र काढली.

आशाताईनं डबी दिली तेव्हा माझ्याकडं सरळ पाहून म्हणाली, ‘काकू, यात कोणाची थुंकी?’

‘माही.’

‘नक्की?’

‘माहीच वं बाई.’ तुझ्यासारखं बोलले मी. तिला हसू आलं, मला रडू.

आज सकाळी उठल्या उठल्या डबी भरली. झाकणावर चिकटवलेल्या कागदावर नाव मीच लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येतं. ती घेऊन मी आशाताईकडं निघाले होते, तर दादा ओट्यावर सांबाराचं गाठोडं बांधत होते. एकटेच बांधत होते, आता ते काम त्यांच्याकडं आलं आहे. परी आत झोपलेली होती. मधे घालायला कोणी नव्हतं. मी पदर ओढून बाजूनं जायला लागले.

‘गोकर्णा.’

मी थांबले. त्यांच्या तोंडून माझं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, बाई.

‘डबी आण इकडं. मी वरवटलेच जाऊन राह्यलो. दवाखान्यात देतो.’

मी झाकण पुन्हा एकदा घट्ट केलं आणि डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी कागदावरचं नाव वाचलं, मग ती गाठोड्यात ठेवली नाही, सदऱ्याच्या वरच्या खिशात उभी ठेवली आणि एका हातानं धरून चालत गेले.